कंबरदुखी व तिजवरील घरगुती उपाय

मृगाचा पाऊस पडून राबांतलीं रोपें वीतभर वाढलीं, कीं आमच्या माहीम, केळवें, पालघर ह्या बाजूस आवणीचे दिवस येतात. सकाळीं शाळेकडे येतांना रस्त्याच्या दोन्ही अंगांस चिखल केलेल्या खाचरांतून माणसांच्या रांगा वांकलेल्या दिसतात. गुडघे जवळजवळ ताठ, पाठ जमिनीला समांतर, डाव्या हातांत रोपांची मूठ, उजवा हात चिखलांत, आणि पाउल मागें मागें. पूर्वीं ह्या रांगेच्या पाठीवर इरलीं असत. आतां बहुतेक ठिकाणीं प्लॅस्टिकचा कागद असतो. इरलें ज्यानें प्रथम बनविलें त्याची दृष्टि मोठी नेमकी होती. छत्री ही उभ्या माणसासाठीं केलेली आहे, इरलें वांकलेल्या पाठीसाठीं. दिवस मावळतां हीच मंडळी बांधावर येऊन, दोन्ही हात कमरेवर ठेवून, मागें रेलतात. आणि रात्रीं घरोघर 'आज कंबर उरली नाहीं' हें वाक्य ऐकूं येतें.

हें गाऱ्हाणें केवळ शेतकऱ्याचें आहे असें मात्र नाहीं. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत आठ आठ तास यंत्रापुढें उभा राहणारा कामगार, मोटारसायकलीवरून खड्डे चुकवीत (आणि पुष्कळदां न चुकवीत) जाणारा तरुण, १६ एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल गाडी आल्यामुळें रोज मुंबईस जाऊन येणारा नोकरदार, आणि परीक्षेच्या दिवसांत खुर्चीवर तासन्‌तास बसणारा आमचा विद्यार्थी, हे सर्व ह्या दुखण्याचे भागीदार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणें २०२० सालीं जगांत सुमारें ६१ कोटि ९० लक्ष माणसांस कंबरदुखी होती, आणि माणसाला कामापासून दूर ठेवणाऱ्या दुखण्यांत हिचा क्रमांक पहिला लागतो. इतक्या सार्वत्रिक दुखण्याविषयीं घरांत कांहीं निश्चित ज्ञान असावें, कोणतें दुखणें घरीं बरें होतें व कोणतें घरीं ठेवूं नये हें आईबापांस व मुलांस कळावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम कंबर म्हणजे काय तें पाहूं. आपल्या पाठीचा कणा हा एकसंध दांडा नाहीं. तो मणक्यांची माळ आहे. जन्माच्या वेळीं हे मणके ३३ असतात. पुढें खालचे कांहीं एकमेकांस जुळून जातात, आणि प्रौढ माणसाच्या कण्यांत २६ हाडें उरतात. बरगड्यांच्या खालीं व ओटीपोटाच्या हाडाच्या वर जे पांच जाड मणके आहेत, तेच आपली कंबर होत. आमच्या जिल्ह्यांतील वारली चित्रें पाहिलेल्या मुलांस ही गोष्ट चटकन कळेल. डहाणू तालुक्यांतील कलावंत जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) ह्यांनीं जीं चित्रें जगभर नेलीं, त्यांत माणसाचें धड दोन त्रिकोणांचें असतें. एक उलटा, एक सुलटा, आणि दोहोंचीं टोकें जेथें मिळतात ती कंबर. वरच्या साऱ्या त्रिकोणाचा भार त्या एका टोंकावर! शरीरशास्त्राच्या पुस्तकांतील मोठ्या आकृतीपेक्षां मला ही आकृति अधिक बोलकी वाटते.

दर दोन मणक्यांच्या मध्यें एक लवचिक चकती असते. तिच्या कडेला चिवट तंतूंचीं वलयें आणि मध्यभागीं मऊ, पाणीदार गर असतो. दिवसभर भार पडून तिच्यांतील पाणी थोडें थोडें पिळून निघतें, व रात्रीं आडवें झाल्यावर तें पुन्हां शोषलें जातें. म्हणूनच माणूस सकाळीं जेवढा उंच असतो त्याहून सायंकाळीं एक-दोन सेंटिमीटर बुटका भरतो. विद्यार्थ्यांनीं घरीं भिंतीवर खूण करून हा प्रयोग अवश्य करावा. प्रौढ माणसाच्या चकतींत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचें पोषण आसपासच्या हाडांतून झिरपणाऱ्या द्रवावर चालतें, आणि ह्या झिरपण्यास शरीराची हालचाल साहाय्य करते. पुढें विश्रांतीविषयीं जें सांगावयाचें आहे त्याच्याशीं ह्या गोष्टीचा निकट संबंध आहे.

१९३४ सालीं मिक्स्टर व बार ह्या दोन अमेरिकन डॉक्टरांनीं असें दाखवून दिलें कीं, चकतीचा गर बाहेर डोकावून मज्जातंतूवर दाब पडला म्हणजे कमरेतून मांडी, पोटरी व पावलापर्यंत कळ जाते. आपल्या वैद्यांनीं ह्या कळेला फार पूर्वींच गृध्रसी असें नांव दिलें होतें. तिनें पछाडलेला माणूस गिधाडासारखा चालतो म्हणून. हा शोध महत्त्वाचा खरा. पण त्याचा एक अनिष्ट परिणाम असा झाला कीं, कंबर दुखली कीं 'चकती सरकली' असें लोक समजूं लागले. वस्तुस्थिति तशी नाहीं. १९९४ सालीं अमेरिकेंत, ज्यांना कधींच कंबरदुखी नव्हती अशा ९८ माणसांच्या कण्याचीं चुंबकीय यंत्रानें चित्रें काढलीं. तेव्हां त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांच्या एखाद्या तरी चकतीला फुगवटा आढळला. त्यांचें दुखत कांहींच नव्हतें! वयाबरोबर केंस पिकावे तशा चकत्याही पिकतात. कंबर दुखणाऱ्या बहुसंख्य माणसांच्या बाबतींत एखादें हाड वा चकती दाखवून 'हेंच दुखतें' असें सांगतां येत नाहीं. स्नायु, त्यांचे बंध, सांधे, थकवा, झोंपेची कमतरता आणि मनावरील ताण ह्या सर्वांचा त्यांत वांटा असतो. तेव्हां केवळ चित्रांतील फुगवटा पाहून घाबरणें व्यर्थ होय.

आतां वांकल्यानें कमरेवर एवढा भार कां येतो, हें सातवी-आठवींत शिकलेल्या तरफेच्या नियमानें काढूं. विहिरीच्या कांठावरून दहा किलोची पाण्याची बादली हात लांब करून उचलली, व ती कण्यापासून ४० सेंटिमीटर दूर असली, तर तिचा घूर्ण १० गुणिले ४० म्हणजे ४०० झाला. हा तोलून धरणारे पाठीचे स्नायु कण्याच्या मागें अवघ्या सुमारें ५ सेंटिमीटरांवर आहेत. ४०० भागिले ५, उत्तर ८०. म्हणजे दहा किलोच्या बादलीसाठीं स्नायूंना ८० किलोची ओढ घ्यावी लागते, आणि तेवढाच दाब खालच्या चकतीवर बसतो. पुढें झुकलेल्या धडाचा भार आणखी वेगळाच. तीच बादली पोटाशीं, २० सेंटिमीटरांवर आणून उचलली तर ओढ ४० किलोवर येते. 'ओझें अंगाशीं धरून उचल' ही आजीची शिकवण म्हणजे गणिताचें उत्तरच आहे. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन स्टेशन गांठणाऱ्या आमच्या भगिनींची पाठ ताठ असते, त्याचेंही कारण हेंच: ओझें कण्याच्या बरोबर वर असल्यामुळें तरफेचा हात जवळजवळ शून्य होतो. त्यांच्या मानेला मात्र त्या ओझ्याचा पुरा दाब सोसावा लागतो, हें विसरूं नये.

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडीं मी स्वतः ह्या दुखण्याचा अनुभव घेतला. अंगणांतील भरलेली कळशी उचलतां उचलतां कोणीतरी हांक मारली म्हणून मीं मान व धड वळविलें, आणि कमरेंत अशी उसण भरली कीं कळशी तेथेंच आणि मी तेथेंच. सरळ होतां येईना, बसतां येईना. घरच्या मंडळींनीं धरून आंत नेलें, आणि लागलीच शेजारच्या एका पायाळू मुलाला बोलावणें गेलें. जन्माच्या वेळीं ज्याचे पाय आधीं आले त्यानें कमरेला पाय लावला म्हणजे उसण जाते, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. तो बिचारा सहावींतला मुलगा संकोचानें पाय लावून गेला. चौथ्या दिवशीं मी हिंडूं लागलों, आणि यश अर्थातच पायाळूच्या पदरीं पडलें.

ह्यांत पायाचा गुण किती? साधी उसण आपल्या आपणच ओसरत जाते. कांहींची दोन-चार दिवसांत, बहुतेकांची कांहीं आठवड्यांत. वेदना अगदीं शिगेला असतां माणूस उपाय शोधतो, आणि शिगेनंतर उतार असतोच. म्हणून त्या वेळीं जो उपाय केला त्याला श्रेय मिळतें. पायाळूचा पाय निरुपद्रवी आहे, त्याची थट्टा करण्याचें कारण नाहीं. परंतु कोणी कमरेवर उभें राहून तुडवूं लागला, किंवा झटका देऊन 'हाड बसवूं' लागला, तर तें निरुपद्रवी नव्हे. तसेंच, बिब्बा घालणें व तापलेल्या लोखंडाचा डाग देणें हे प्रकार सर्वथा वर्ज्य समजावे. बिब्ब्यानें कातडी उततें, डागानें जखम होऊन ती चिघळते, आणि आंतलें दुखणें जेथल्या तेथें राहतें.

माझी स्वतःची चूक निराळीच होती. 'पंधरा दिवस फळीवर उताणें पडून राहा' हा जुना सल्ला मला ठाऊक होता, आणि पहिले दोन दिवस मीं तो निष्ठेनें पाळला. तिसऱ्या दिवशीं उठलों तों अंग पूर्वींपेक्षां अधिक आंखडलेलें! मग वाचनांत आलें तें असें. १९८६ सालीं अमेरिकेंत कंबरदुखीच्या रोग्यांचे दोन गट करून एकाला दोन दिवस व दुसऱ्याला सात दिवस अंथरुणांत राहावयास सांगितलें. दोन दिवसवाल्यांचा आराम मुळींच कमी झाला नाहीं, उलट त्यांच्या कामाचे खाडे कमी पडले. १९९५ सालीं फिनलंडांतील हेल्सिंकी शहरांत एका गटाला अंथरूण, दुसऱ्याला व्यायाम आणि तिसऱ्याला 'झेपेल तेवढें नेहमींचें काम करीत राहा' असें सांगितलें. तिसरा गट सर्वांआधीं बरा झाला. तेव्हांपासून जगांतील वैद्यकाचें मत पालटलें आहे. चकतीचें पोषण हालचालीनें होतें हें वर सांगितलेंच आहे. दुखणें असह्य असेल तर एखादा दिवस पडून राहावें, परंतु तेव्हांही तासा-दोन तासांनीं उठून घरांतल्या घरांत चार फेऱ्या माराव्या. थोडें दुखलें म्हणजे आंत कांहीं मोडतें आहे असें नव्हे.

पडून राहण्याची सोयीची रीत अशी. उताणें निजून गुडघ्यांखालीं उशी वा गुंडाळलेली घोंगडी ठेवावी. किंवा कुशीवर निजून दोन गुडघ्यांच्या मध्यें उशी घ्यावी. दोहोंनींही कमरेचा ताण उतरतो. उठतांना सरळ उठूं नये. आधीं कुशीवर वळावें, पाय खालीं सोडावे, आणि हाताच्या रेट्यानें धड वर करावें. ज्यांना वारंवार दुखतें त्यांनीं सकाळीं उठल्यावर पहिला तास-दोन तास तरी फार वांकूं नये, कारण रात्रभर पाणी शोषून चकती त्या वेळीं फुगलेली व ताठ असते. अंथरुणाविषयींही एक भ्रम दूर केला पाहिजे. लांकडी फळीच उत्तम असें नाहीं. २००३ सालीं स्पेनमध्यें ३१३ लोकांवर केलेल्या प्रयोगांत, अति कठीण गादीपेक्षां मध्यम कठीण गादीवर निजणाऱ्यांची कंबर अधिक बरी झाली. आपली नेहमींची कापसाची, पिंजून घेतलेली गादी पुष्कळांस मानवेल. खोलगट झालेली खाट व लोंबणारी नायलॉनची पट्टी मात्र वाईट.

शेक हा घरगुती उपायांचा राजा होय, आणि नवीन संशोधनानेंही त्याला मान दिला आहे. उष्णतेनें पहिल्या दिवसांतील वेदना कांहीं काळ खात्रीनें कमी होतात व हालचाल करणें साधतें. रबरी पिशवी, तव्यावर तापविलेल्या वाळूची पुरचुंडी, किंवा फडक्यांत गुंडाळलेली ऊन वीट, कांहींही चालेल. वाडीच्या कुंपणाला निरगुडी असली तर तिचा पाला वाफवून पुरचुंडींत बांधावा, तिच्या उग्र वासानें घरांतल्या वडील मंडळींचें निम्में समाधान होतें. शेक पंधरा-वीस मिनिटें पुरे. मध्यें कापड असावें. ज्यांना मधुमेह आहे व त्वचेला चटका नीट कळत नाहीं, त्यांचा शेक दुसऱ्यानें हातानें तपासून द्यावा. ऊन केलेल्या तिळेलानें हलक्या हातानें चोळणें हेंही सुखावह असतें, पण आराम पडतो तो अल्पकाळ. चोळण्यानें दुखण्याची मुळी निघते असें समजूं नये.

आतां दीर्घकाळच्या उपायांत सर्वांत स्वस्त आणि माझ्या मतें सर्वांत श्रेष्ठ उपाय: चालणें. ऑस्ट्रेलियांत नुकत्याच झालेल्या आणि २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ लोकांपैकीं निम्म्यांस हळूहळू वाढवीत आठवड्यांतून पांच वेळां अर्धा तास चालण्याची सवय लाविली. न चालणाऱ्यांची कंबर सरासरीनें ११२ दिवसांत पुन्हां दुखूं लागली. चालणाऱ्यांची २०८ दिवसांत. माहीम-केळव्याच्या लोकांस ह्यासाठीं कोठें जावयाचें आहे? समुद्रकांठ दाराशीं आहे. ओहोटीच्या वेळीं ओली, घट्ट वाळू चालावयास सपाट असते. प्रारंभीं दहा मिनिटें, मग पंधरा, असें करीत जावें.

चालण्याच्या जोडीला थोडा पाठीचा व पोटाचा व्यायाम असावा. उताणें निजून गुडघे मुडपावे व पाउलें जमिनीवर टेकावीं. मग पोट आंत घेऊन कंबर सतरंजीला हलकेच दाबावी, पांच अंक मोजून सोडावी. त्याच स्थितींत एक गुडघा दोन्ही हातांनीं छातीकडे घ्यावा, मग दुसरा. पुढें खांदे व पाउलें टेकवून कंबर सावकाश उचलावी; ह्याला सेतुबंध म्हणतात. हातां-गुडघ्यांवर येऊन मांजरासारखी पाठ वर कमानदार व खालीं खोलगट करणें हें मार्जारासन मुलांना विशेष आवडतें. पालथें निजून कोपरांवर छाती उचलणें, म्हणजे भुजंगासनाची पहिली पायरी, दिवसभर वांकून काम करणाऱ्यांस फार मानवते. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळां, श्वास न कोंडतां. ज्या व्यायामानें कळ कमरेतून पायाकडे उतरूं लागेल तो तूर्त सोडून द्यावा. जिच्यामुळें पायांतली कळ वर कमरेकडे सरकते ती हालचाल बहुधा हिताची असते.

आसनांच्या ह्या विद्येला शास्त्राच्या कसोटीस लावण्याचें काम महाराष्ट्रांतच प्रथम जोरानें झालें, हें मुलांनीं लक्षांत ठेवावें. स्वामी कुवलयानंद ह्यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसनांच्या क्रिया क्ष-किरण व इतर उपकरणांनीं तपासावयास आरंभ केला. १९३७ सालीं पुण्यास आलेले बेळ्ळूर अय्यंगार ह्यांनीं दोर, लांकडी ठोकळे, घोंगड्या व खुर्च्या ह्यांचा आधार देऊन ताठरलेल्या व वृद्ध माणसांसही आसनें करतां येतील अशी योजना केली. त्यांची संस्था १९७५ पासून पुण्यांत आहे. ह्याचा अर्थ आसनांत कांहीं जादू आहे असा मात्र घेऊं नये. २०११ सालच्या एका अमेरिकन प्रयोगांत योगवर्ग आणि साधे ताणाचे व्यायाम ह्यांचा गुण सारखाच आला. नुसतें पुस्तक वाचून घरीं बसणाऱ्यांपेक्षां दोघेही सरस ठरले. (हा लेख वाचून बसणाऱ्यांसही तेंच लागू आहे.) उसण ताजी असतां सूर्यनमस्कारांतील खालीं वांकून हात टेकण्याची क्रिया करूं नये, बरें वाटल्यावर खुशाल करावी.

विद्यार्थ्यांच्या दप्तराचा प्रश्न पालक नेहमीं काढतात. केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणाप्रमाणें दप्तराचें वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावें. तें योग्यच आहे, व दप्तर दोन्ही खांद्यांवर, पाठीशीं लागून असावें. पण दप्तरामुळेंच मुलांच्या पाठी दुखतात असा सबळ पुरावा तपासणींत मिळालेला नाहीं. माझी शंका दप्तरापेक्षां बैठकीवर अधिक आहे. एकाच स्थितींत दोन दोन तास, मान खालीं घालून, हातांत फोन. मग खुर्ची कितीही चांगली असो. दर अर्ध्या तासानें उठून पाणी पिऊन यावें.

आवणीच्या कामाकडे पुन्हां वळतों, कारण तेथें दोष माणसाच्या सवयीचा नसून कामाच्या घडणीचा आहे. पुरें वांकल्यावर पाठीचे स्नायु जवळजवळ स्वस्थ होतात आणि धडाचा भार कण्याच्या बंधांवर लोंबकळतो. हे बंध वीस-पंचवीस मिनिटांत ताणून सैल पडतात, व उभें राहिल्यावर लगेच पूर्ववत् होत नाहींत. म्हणून पंधरा-वीस मिनिटांनीं सरळ उभें राहून, हात कमरेवर ठेवून दोन-चार वेळां मागें रेलावें. आणि वांकणें संपवून लगेच मुठींचा भारा उचलूं नये, चार पावलें चालून मग उचलावा. ज्यानें सकाळीं लावणी केली त्यानें दुपारीं मुठी वाहाव्या, असा पालट केला तर एकाच कमरेवर सारा दिवस येत नाहीं.

ह्याहून मूळचा उपाय म्हणजे काम करण्याची रीतच पालटणें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत शेतमजुरांना आखूड दांड्याचें खुरपें देत. दांडा हातभरही नसल्यामुळें दिवसभर कमरेत वांकून खुरपावें लागे, आणि उभा राहिलेला मजूर काम करीत नाहीं हें मुकादमाला दुरून दिसे. मजुरांनीं दीर्घकाळ लढा दिला, डॉक्टरांनीं साक्षी दिल्या, आणि १९७५ सालीं त्या खुरप्यावर बंदी आली. नुसता दांडा लांब झाल्यानें हजारों कमरा वांचल्या. आपल्याकडे रायगड जिल्ह्यांत नेरळ येथील सगुणा बागेंत चंद्रशेखर भडसावळे ह्यांनीं भातासाठीं अशी रीत बसविली आहे कीं, कायमच्या गादी-वाफ्यांवर सांच्यानें भोंकें पाडून बीं तेथेंच टोकावयाचें. राब नाहीं, चिखलणी नाहीं, आवणीही नाहीं. तणांचा बंदोबस्त त्यांत काळजीनें करावा लागतो, आणि प्रत्येक खाचराला ती रीत सोसेलच असें नाहीं. पण ज्या घरांत आवणीनंतर पंधरा दिवस कोणी ना कोणी कंबर धरून बसतें, त्या घरानें ती एकदां पाहून यावी.

एक गोष्ट मुद्दाम शेवटीं ठेविली आहे. माझ्या एका आत्याची कंबर तीन-चार वर्षांपूर्वीं दुखूं लागली. शेतावरची बाई; सर्वांनीं आवणीची उसण म्हटलें. शेक झाला, तेल झालें, पायाळूही झाला. पण ही उसण ओसरेना. रात्रीं निजल्यावरही दुखे, सायंकाळीं अंग किंचित् कढत लागे, लुगडें सैल पडूं लागलें. हीं तिन्हीं चिन्हें आम्हां सर्वांच्या डोळ्यांपुढें होतीं आणि ह्या लेखाचा लेखकही त्या 'सर्वां'त होता. पांच महिन्यांनीं तिचा डावा पाय चालतांना घसटूं लागला तेव्हां आम्हीं तिला रुग्णालयांत नेलें. तपासांत मणक्याचा क्षय निघाला. १७७९ सालीं पर्सिव्हल पॉट ह्या इंग्रज शस्त्रवैद्यानें वर्णिलेला हा रोग आपल्या देशांत आजही विरळा नाहीं. पूर्वीं तो कुबड व पांगळेपणा देऊन जाई. आज औषधें नियमानें घेतल्यास तो बरा होतो, व तीं औषधें सरकारी दवाखान्यांतून विनामूल्य मिळतात.

म्हणून घरांतील कोणाच्या कमरेबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पडून राहिल्यावरही रात्रीं दुखत असेल. पायांतली शक्ति कमी होत असेल वा पाउल ओढलें जात असेल. पडल्या-झडल्यानंतर, विशेषतः म्हाताऱ्या माणसास, दुखूं लागलें असेल. पूर्वीं कर्करोग होऊन गेला असेल. किंवा सहा आठवडे झाले तरी उतार नसेल, तर शेक बाजूला ठेवून डॉक्टर गांठावा. लघवी अडणें वा नकळत होणें, आणि बैठकीच्या जागेला बधिरता येणें, ह्यांत तर एक रात्रही घालवूं नये. तें दुखणें तासांच्या हिशोबाचें आहे. लहान मुलाची कंबर सतत दुखत असेल तर तेंही तपासून घ्यावें.

आत्यानें सव्वा वर्ष गोळ्या घेतल्या, एकही दिवस न चुकवितां. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ती रोज एक फुली मारी. पाय आतां घसटत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत ती बांधावर पाट टाकून बसली होती आणि मुठी सोडवून लावणाऱ्यांच्या हातीं देत होती. खाचरांत उतरूं का, असें तिनें डॉक्टरांस दोनदां विचारलें; दोन्ही वेळां त्यांनीं पुढल्या सालीं पाहूं म्हणून सांगितलें.